तबकडी भंगारात देण्यापूर्वी एकदा नीट ऐका

बल्लारपूर, दुर्गापूर, भद्रावतीच्या कामगार वसाहतींत आजही एखाद्या घरी माळ्यावर जुनी पेटी सापडते. तिच्यात ‘शोले’च्या गाण्यांची लाँग प्ले असते, चार-दोन छोट्या तबकड्या असतात आणि नशीब असेल तर प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातील गाणी. वडिलांनी पगारातून पैसे बाजूला ठेवून घेतलेली ती ठेव. “वाजते, पण खरखरते,” असे म्हणून मुले ती भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवतात. पण वाचकहो, खरखर तबकडीची आहे की सुईची, हे कोणी पाहिले?

आधी तबकडी ओळखा. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी, जड तबकडी बहुधा लाखेची असते. पडली की बांगडीसारखी फुटते. आपल्या झाडीपट्टीत पळस आणि कुसुमाच्या फांद्यांवर किडे जी लाख करतात, तीच ही लाख. तिच्यात दगडाची पूड मिसळत, म्हणून थोडी खरखर तिच्या जन्मापासूनचीच. १९४८ साली अमेरिकेत आलेली लाँग प्ले मात्र व्हिनाइल नावाच्या प्लॅस्टिकची. ती ३३⅓ फेरे घेते आणि तिचा आवाज स्वच्छ असायला हवा.

आता परीक्षा. तबकडी उन्हाच्या तिरिपेत तिरपी धरा. नख अडकेल असा ओरखडा असेल तर तिथे ‘टक्’ ऐकू येणारच. लाँग प्लेचा एक फेरा १.८ सेकंदांचा. त्याच अंतराने टकटक आली तर दोष ओरखड्याचा.

गाणे सुरू होण्याआधीची शांतता ऐका. नंतर भरगच्च वाद्यमेळ लावा. ‘शोले’ (१९७५) त्यासाठी उत्तम. राहुलदेव बर्मन यांच्या शीर्षक संगीतात गिटार आणि हॉर्न वेगवेगळे कळतात का? ‘मेहबूबा’च्या सुरुवातीला अर्धवट भरलेल्या बाटल्यांत फुंकर मारून काढलेला आवाज आहे. तो पोकळ, गोल ऐकू आला तर तबकडी शाबूत समजा. भीमगीतात कसोटी शब्दांची. ‘स’ आणि ‘श’ थुंकल्यासारखे फाटत असतील तर सुई झिजली आहे किंवा खाच खराब झाली आहे.

शेवटचे गाणे जरूर ऐका. तबकडीच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंमी खाच सरकते, आत लेबलाजवळ जेमतेम २० सेंमी. तेवढाच आवाज कमी जागेत कोंबला जातो, म्हणून आतले गाणे आधी फाटते. सगळ्याच तबकड्यांचे शेवटचे गाणे फाटत असेल तर संशय सुईवर घ्या. एकाच तबकडीचे फाटत असेल तर ती दुसऱ्याच्या यंत्रावर लावून पाहा. तिथेही फाटली तरच दोष तिचा.

सुई उडते म्हणून तिच्या दांडीवर नाणे ठेवण्याची खोड अनेक घरांत होती. त्या वजनाने खाच कायमची खरवडली जाते. नाणे काढा, सुई बदला. चावीच्या जुन्या ग्रामोफोनवर लाँग प्ले कधीही लावू नका. त्याची पोलादी सुई ती एकदाच वाजवील!

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४७ अंशांवर जातो. टिनाच्या छपराखाली आडव्या रचलेल्या तबकड्या वाकतात. त्या उभ्या, भिंतीच्या सावलीत ठेवा. पावसाळ्यात बुरशी येते, तेव्हा मऊ कापडाने गोल फिरवत पुसा. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावाल तर लाखच विरघळेल.

आज शहरांत या तबकड्यांना पुन्हा मागणी आहे. विकायचीच असेल तर निदान किलोच्या भावाने विकू नका. पण त्याआधी एका संध्याकाळी घरच्या साऱ्यांना बसवून ती वाजवा. ज्या हातांनी ती आणली ते हात आज घरात नसतील, त्यांची आवड मात्र त्या खाचांत अजून शाबूत असेल.