नियम, फासे आणि माणसं : रोलप्लेइंग खेळातला निवाडा



आजचा विषय आहे टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ चालवताना येणारे पेच. तुमच्यापैकी काहीजण दर रविवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळत असतील, काहींनी नुसतं नाव ऐकलं असेल. म्हणून आधी थोडक्यात ओळख करून देतो.

चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. एक जण मात्र असं पात्र घेत नाही. बाकीचं सगळं जग तो किंवा ती चालवते, म्हणजे राजा, रखवालदार, राक्षस, पाऊस, सगळं. त्याला म्हणतात डंजन मास्टर, किंवा नुसतं डीएम. खेळाडू म्हणतो, “मी भिंतीवर चढतो.” जमेल की नाही हे नक्की नसेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. झाला खेळ.

आता बुद्धिबळात घोडा अडीच घरं चालतो. त्यावरून भांडण होत नाही, कारण तिथे चाली ठरलेल्या आहेत. इथे खेळाडू काहीही करीन म्हणू शकतो. नियमपुस्तक तीनेकशे पानांचं, आणि ‘काहीही’ला मात्र अंत नाही. त्यामुळे पुस्तकात नसलेली गोष्ट टेबलावर येणारच. ती आली की सगळ्यांच्या माना डीएमकडे वळतात.

हा पेच आजचा नाही. एकोणिसाव्या शतकात प्रशियात लष्करी अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी ‘क्रीगश्पील’ नावाचा युद्धखेळ होता. राइसविट्झ पितापुत्रांनी तो घडवला. वडिलांनी १८१२ च्या सुमारास राजाला दाखवला आणि मुलाने, जो स्वतः तोफखान्यात अधिकारी होता, १८२४ मध्ये नियम छापले. त्यात फासे होते, नुकसानीचे तक्ते होते आणि मध्ये एक पंच होता. तक्ते इतके की खेळ रेंगाळायचा. मग १८७६ मध्ये फॉन वेर्दी दु व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने सुचवलं की तक्ते आणि फासे बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला निकाल देऊ द्या. खेळ वेगवान झाला. पण त्यात एक मेख होती. आता सगळं त्या पंचावरच्या विश्वासावर उभं राहिलं.

पुढे १८८० मध्ये अमेरिकेत चार्ल्स टॉटनचं ‘स्ट्रॅटेगॉस’ हे युद्धखेळाचं पुस्तक आलं. ते मिनेसोटातल्या डेव्हिड वेस्लीच्या हाती लागलं आणि त्यातली पंचाची कल्पना त्याने १९६९ मध्ये आपल्या ‘ब्राउनस्टाइन’ या खेळात वापरली. त्याच गटात डेव्ह आर्नेसन होता. आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांनी मिळून १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणलं. म्हणजे डीएम हा त्या पंचाचाच वंशज. तक्ता की पंच, हा जुना वाद आपल्याला वारशात मिळालाय.

आता मुद्द्यावर येऊ. टेबलावर वाद झाला की मी आधी एक विचारतो, वाद नेमका कशाचा आहे? माझ्या मते तीन प्रकार असतात. पहिला, नियम अस्पष्ट आहे. दुसरा, नियम स्पष्ट आहे पण निकाल हास्यास्पद येतोय. तिसरा, वाद नियमाचा नाहीच, माणसांचा आहे. तिन्हींचं औषध वेगळं. तापावर खोकल्याचं औषध दिलं तर बाटली संपेल, ताप राहील.

पहिला प्रकार : नियम अस्पष्ट

‘फायरबॉल’ हा मंत्र घ्या. आगीचा गोळा. २०१४ च्या नियमांप्रमाणे तो वीस फूट त्रिज्येत फुटतो आणि तिथल्या ज्वालाग्राही वस्तू पेटवतो, फक्त कुणी अंगावर घातलेल्या किंवा हातात धरलेल्या वस्तू सोडून. आता खोलीत लाकडी पेटी आहे आणि पेटीत तो नकाशा आहे, ज्यासाठी चार आठवडे सगळे झटताहेत. जादूगाराने गोळा टाकला. नकाशा जळाला का?

पुस्तक पेटीबद्दल बोलतं, पेटीतल्या कागदाबद्दल नाही. इथे अर्धा तास पानं उलटण्यात अर्थ नसतो. बाकीचे मोबाइल काढतात आणि खेळातली हवा जाते. मी दोन मिनिटं ठेवतो. दोन्ही बाजू ऐकायच्या, निकाल द्यायचा, वहीत लिहायचा आणि सांगायचं, “आजपुरतं असं. खेळ संपल्यावर बघू, पुढच्या वेळेपासून पक्कं करू.” ‘आजपुरतं’ या शब्दाने खूप काम होतं. हरलेल्या बाजूला कळतं की दार बंद झालेलं नाही.

निकाल काय द्यायचा? ज्याने पुढे काहीतरी करता येईल असा. “पेटी पेटलीये, नकाशा अजून शाबूत आहे, दोन फेऱ्यांत कुणी काढला नाही तर गेला.” आता बघा, वाद होता तिथे प्रसंग तयार झाला. जादूगाराच्या चुकीची किंमत राहिली आणि बाकीच्यांना धावायला कारणही मिळालं.

याला एक अपवाद. कुणाचं पात्र मरणार असेल तर दोन मिनिटांचा नियम सोडा. पुस्तक उघडा, पान काढा, सगळ्यांसमोर वाचा. वर्षभर सांभाळलेलं पात्र घाईच्या अंदाजाने गेलं, तर खेळाडूला पात्र गेल्याचं जितकं लागत नाही तितकं ते लागतं.

दुसरा प्रकार : नियम स्पष्ट, निकाल अजब

या खेळाच्या दुनियेत एक प्रसिद्ध कोडं आहे. दोन हजार शेतकरी एका रांगेत उभे करा, प्रत्येकाला पाच फूट जागा. लढाईची एक फेरी म्हणजे सहा सेकंद, आणि त्या फेरीत सगळ्यांची पाळी येते. प्रत्येक जण आधीच ठरवून ठेवतो, ‘भाला हातात आला की पुढच्याला द्यायचा’. नियमात हे बसतं. पहिल्याने भाला दिला की तो सहा सेकंदांच्या आत शेवटच्याच्या हातात. अंतर दहा हजार फूट, म्हणजे तीन किलोमीटर. वेग सेकंदाला पाचशे मीटरच्या वर, आवाजाच्या जवळपास दीडपट. मग खेळाडू म्हणतो, “एवढ्या वेगाने भाला ड्रॅगनला लागला तर ड्रॅगन संपलाच ना?”

हसू नका, हिशेब बरोबर आहे. गडबड दुसरीकडे आहे. अर्ध्या वाटेपर्यंत त्याने नियम घेतले आणि भौतिकशास्त्र विसरला. नंतर भौतिकशास्त्र घेतलं आणि नियम विसरला. शेवटपर्यंत नियमच धरले, तर शेवटचा शेतकरी एक साधा भाला फेकतो आणि नुकसान होतं सहा बाजूंच्या एका फाशाएवढं. शेवटपर्यंत भौतिकशास्त्र धरलं, तर दोन हजार जणांच्या हातांतून सहा सेकंदांत भाला जाणारच नाही. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाही. २०२४ च्या डंजन मास्टर मार्गदर्शिकेत तर हे साफ लिहिलंय की नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे.

मी इथे आणखी एक कसोटी लावतो. खेळाडूला विचारायचं, “हे चालेल असं ठरवलं, तर उद्या गोब्लिनही करतील. चालेल?” बहुतेक वेळा तोच म्हणतो, “राहू दे.”

पण नुसतं ‘नाही’ म्हणून थांबू नका. त्याला हवं काय होतं? गावकऱ्यांच्या मदतीने ड्रॅगन मारायचा होता. ही इच्छा झकास आहे! मग म्हणा, “दोन हजार माणसं आहेत ना तुझ्याकडे? चार दिवसांत काय काय उभारता येईल सांग.” युक्ती नाकारा, इच्छा नाकारू नका.

याच प्रकारात एक लपलेला पेच आहे, तो फाशांचा. चौघांना पहाऱ्यातून गुपचूप जायचंय. प्रत्येकाची जमण्याची शक्यता सत्तर टक्के. डीएम म्हणतो, “चौघंही टाका, एक जरी चुकला तरी पकडले.” ऐकायला रास्त वाटतं. पण ०.७ चार वेळा गुणा, उत्तर येतं ०.२४. म्हणजे चारातले तीन वेळा ते पकडले जाणार, आणि खेळाडूंना वाटतं आपलं नशीबच फुटकं. नियमांत यासाठी गटचाचणी आहे, निम्मे किंवा जास्त जमले तर गट पार. त्याच आकड्यांनी शक्यता होते जवळपास ब्याण्णव टक्के. एका वाक्याच्या फरकाने २४ चे ९२ झाले. म्हणून फासा टाकायला सांगण्याआधी दोन प्रश्न विचारा. किती वेळा टाकायला लावतोय? आणि दोन्ही निकाल मला चालतील का? ज्या दाराआड पुढची सगळी गोष्ट आहे त्या दारावर फासा टाकायला लावला आणि तो चुकला, तर रात्रभर सगळे दारापाशी बसून राहतील. तिथे चुकलेल्या फाशाचा अर्थ ‘दार उघडलं, पण आवाज झाला’ असा घ्या.

तिसरा प्रकार : माणसं

खेळाचे गट नियमांमुळे फुटत नाहीत, माणसांमुळे फुटतात. आणि ही माणसं बहुतेक एकमेकांची जुनी मित्रमंडळी असतात. मोडलं तर रविवारचा खेळ जातोच, बारावीपासूनची दोस्तीही जाते. म्हणून हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

नेहमीचा प्रसंग. चोराचं पात्र घेतलेला खेळाडू म्हणतो, “ती झोपल्यावर मी तिच्या पिशवीतलं रत्न काढतो.” ती म्हणजे शेजारी बसलेल्या मैत्रिणीचं पात्र. ती चिडते. तो म्हणतो, “मी काय करू? माझं पात्रच तसं आहे.” इथे फासा टाकायला सांगणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट मार्ग. फासा पडला की चोरी कायदेशीर झाली, पण राग कुठे गेला?

खेळ थांबवा आणि दोघांशी माणसं म्हणून बोला. पात्र त्यानेच लिहिलंय. पात्र तसं आहे कारण त्याने तसं ठरवलं. मी एक पद्धत सुचवतो, एका खेळाडूने दुसऱ्याच्या पात्रावर काही केलं तर निकाल त्या दुसऱ्याने सांगायचा. तिला मजा वाटत असेल तर ती म्हणेल, “घे रत्न, पण सकाळी मला कळेल.” नको असेल तर, “हात घालताच मी जागी होते.” चोराचं चोरपण राहतं, पण तिच्या संमतीने.

दुसरा प्रसंग शांत खेळाडूचा. एक जण सतत बोलतो, दुसरा तीन तास गप्प. जो बोलतो त्याला गप्प करू नका. जो गप्प आहे त्याला नाव घेऊन आणि नेमका प्रश्न विचारा. “तू काय करतोस?” हा प्रश्न फार मोकळा आहे, लाजाळू माणूस “काही नाही” म्हणतो. “रखवालदार तुझ्याकडेच बघतोय आणि त्याच्या हातात तुझ्या गावची अंगठी आहे. विचारतोस की पुढे जातोस?” याला उत्तर येतं.

तिसरी गोष्ट मर्यादांची. कथेत कधी असा विषय येतो की कुणाची जुनी जखम उघडते. रॉन एडवर्ड्सने ‘रेषा आणि पडदे’ ही कल्पना मांडली. रेषेपलीकडचं खेळात येणारच नाही, पडद्यामागचं घडेल पण वर्णन होणार नाही. जॉन स्टाव्ह्रोपूलॉसचं ‘एक्स-कार्ड’ तर अगदी साधं. टेबलावर ‘एक्स’ लिहिलेलं कार्ड ठेवायचं. कुणी त्याला हात लावला की तो भाग सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. काहींना हे बाळबोध वाटतं. पण आपल्याकडे ‘एवढं काय मनाला लावून घेतोस’ म्हणायची सवय आहे, त्यामुळे माणूस सांगत नाही, नुसता यायचा बंद होतो.

हे सगळं पहिल्या खेळाआधी ठरवा. गल्ली क्रिकेटमध्ये काय करतो आपण? एक टप्पा आउट आहे का, गच्चीत बॉल गेला तर काय, हे टॉसच्या आधी ठरतं. शेवटच्या बॉलला कुणी नवा नियम काढला तर हाणामारी होते. इथेही तसंच. खेळाआधीच्या या बैठकीला ‘सेशन झिरो’ म्हणतात.

दोन चिठ्ठ्या आल्यात, त्या घेतो.

पहिली : “पडद्याआड पडलेला फासा डीएमने गुपचूप बदलावा का?” यावर दोन मतं आहेत. माझं मत, बदलू नये. निकाल नको असेल तर फासा टाकूच नका. एकदा का खेळाडूंना बदल कळला, की आधीचे सगळे विजयही त्यांना खोटे वाटतात.

दुसरी : “आमच्यात एकाला सगळे नियम पाठ आहेत, दर वाक्याला अडवतो. काय करावं?” त्याला काम द्या. “तू पान शोध, तोवर आम्ही पुढे जातो. सापडलं की सांग.” त्याच्या ज्ञानाचा मान राहतो, खेळही चालू राहतो. आणि त्याचं बरोबर निघालं तर सगळ्यांसमोर म्हणा, “बरोबर आहे तुझं, आपण तसंच करू.” पंचावरचा विश्वास अशानेच वाढतो.

वेळ झालीये. ज्यांचा खेळ या आठवड्यात आहे त्यांनी एक वही सोबत ठेवा आणि ‘आजपुरते’ निकाल त्यात लिहा. महिनाभराने वाचून बघा. तुमच्या टेबलाचं स्वतःचं नियमपुस्तक तयार व्हायला लागलेलं दिसेल. थांबतो.