रक्तातील साखर आणि वर्गातील मूल
मेंदूचे मुख्य इंधन म्हणजे रक्तातील साखर. स्वादुपिंडातील इन्शुलिन तिचा समतोल राखते. काही बालकांच्या शरीरात ते तयारच होत नाही; १९२२ पूर्वी अशी बालके दगावत, आता ती इन्शुलिन टोचून घेऊन शाळेत येतात. मात्र टोचल्यावर जेवण चुकल्यास साखर १०० मिलिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरू शकते. मग घाम सुटतो, हात कापतात, उत्तरे असंबद्ध येतात. हा आळस समजून शिक्षकांनी शिक्षा करू नये. मूल शुद्धीवर असल्यास चहाचे ३ चमचे साखर विरघळवून ते पाणी त्वरित पाजावे. १५ मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा द्यावे. बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालयात न्यावे. अशा मुलासाठी साखरेची पुडी वर्गात सदैव असावी.