डॉल्फिनांच्या छायाचित्रांचा छंद

छायाचित्रें घेण्याचा छंद आतां घरोघर शिरला आहे. लग्न, मुंज, बारसें, तीर्थयात्रा, कोणताहि प्रसंग असो, त्याचें चित्र निघाल्यावांचून राहत नाहीं. परंतु या सर्व ठिकाणीं चित्र घेणारास एक सवलत असते; "जरा इकडे पाहा" असें त्यास म्हणतां येतें. भर समुद्रांत स्वेच्छेनें विहरणाऱ्या डॉल्फिनास असें कोण सांगणार? तो कोठें वर येईल हें ठाऊक नसतें, आणि आला तरी डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच नाहींसा होतो. मालवणच्या दक्षिणेस देवबाग येथें कर्ली नदी समुद्रास मिळते. तेथें लागोपाठ दोन वर्षें माघ महिन्यांत आम्हीं हा उद्योग करून पाहिला. त्यांत जें यश आलें त्यापेक्षां जी चूक घडली तीच अधिक शिकवणारी ठरली. म्हणून ती प्रथम सांगतों.

पहिल्या वर्षीं घरांतील मुलें बरोबर होतीं. होडी नदीच्या मुखाबाहेर पडतांच धाकट्या पुतणीनें बोट दाखविलें. करड्या रंगाच्या दोन पाठी वर आल्या. एक मोठी, आणि तिला लगटून दुसरी लहान. आम्हांस मोह आवरला नाहीं. "आणखी जवळ घ्या" असें आम्हीं होडीवाल्यास वारंवार सांगितलें, आणि तो बिचारा भिडेस्तव वेग वाढवून थेट त्यांच्या वाटेवर गेला. आई व पिलूं दोघेंहि बुडालीं, तीं पुन्हां दिसलीं नाहींत. आमच्या हातीं रिकाम्या पाण्याचीं चाळीस चित्रें आलीं. परततांना पुतणीनें विचारलें, "काका, त्या पिलाला दम लागला असेल का हो?" आम्हांपाशीं उत्तर नव्हतें.

प्रश्न पोरकट नव्हता. डॉल्फिन हा मासा नव्हे. तो आपल्यासारखाच फुप्फुसांनीं श्वास घेतो. त्यासाठीं त्याच्या माथ्यावर एक छिद्र असतें. मादीस एका वेळीं बहुधा एकच पिलूं होतें व तें आईच्या दुधावर वाढतें. पाठलागाच्या धांदलींत श्वास व दूध या दोहोंचाहि खोळंबा होतो. कोंकणच्या किनाऱ्यालगत जो डॉल्फिन विशेषेंकरून दिसतो, त्याच्या पाठीवर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा असून त्या वशिंडावर लहानसा पर असतो. कोळी लोक त्यास 'गादा' म्हणतात. फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिए यानें 1829 सालीं या जातीचें वर्णन केलें. सूसा प्लम्बिया हें तिचें शास्त्रीय नांव. पूर्ण वाढलेला प्राणी अडीच मीटरांहून लांब भरतो. त्यास उथळ पाणी व नद्यांचीं मुखें प्रिय. पण नेमकीं तेथेंच माणसांचीं जाळीं आणि होड्या. यामुळेंच 2017 सालीं आंतरराष्ट्रीय यादींत ही जात 'संकटग्रस्त' ठरली. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें डॉल्फिनांच्या शिकारीस बंदी आहे. पण हौसेनें केलेल्या पाठलागास आवर घालणें हें ज्याचें त्यानेंच करावयाचें आहे.

दुसऱ्या वर्षीं आम्हांस एक वयोवृद्ध तांडेल भेटले. डॉल्फिन दिसतांच त्यांनीं होडी त्यांच्या दिशेनें न वळवितां त्यांना समांतर ठेविली, वेग कमी केला, आणि म्हणाले, "मशीन बंद करूया, बाबानु; ते आपणच येतले." पाव तास कांहींच घडलें नाहीं. मुलें चुळबुळ करूं लागलीं. मग फुस्स असा आवाज झाला, आणि होडीपासून साठ-सत्तर हातांवर प्रथम लांब चोंच, मागोमाग वशिंड, अशी एक पाठ संथपणें वर आली.

ज्यांस हा छंद करावयाचा असेल त्यांनीं सकाळचीच वेळ साधावी. तेव्हां जमिनीवरून मंद वारा वाहतो व पाणी शांत असतें. दुपारीं समुद्राकडून वारा सुटला कीं होडी हेलकावूं लागते. सकाळीं ऊन पूर्वेकडून येतें, म्हणून होडी किनाऱ्याच्या बाजूस व डॉल्फिन समुद्राच्या बाजूस असावे. यंत्राचा पडदा सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका वेळच उघडावा, नाहींतर चित्र पुसट येतें. यंत्रास सतत डोळा लावून बसूं नये. उघड्या डोळ्यांनीं पाणी पाहावें. एकदां वर आलेला प्राणी बहुधा त्याच ओळींत थोडा पुढें पुन्हां वर येतो. तेथें यंत्र रोखून ठेवावें.

उडीचें चित्र मिळावें असें सर्वांस वाटतें, पण उपयोगाचें चित्र तें नव्हे. पाठीवरचा पर बाजूनें स्वच्छ दिसला पाहिजे. त्या पराच्या कडेस खांचा व ओरखडे असतात, आणि त्यांवरून एकेक प्राणी निराळा ओळखतां येतो. वुर्सिग दांपत्यानें आर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर याच रीतीनें डॉल्फिनांच्या दुसऱ्या एका जातीचे 53 प्राणी ओळखले व 1977 सालीं तें प्रसिद्ध केलें. कोणास न पकडतां, न दुखवितां, नुसत्या चित्रांवरून कोण कोणाबरोबर फिरतो, किती वर्षें तेथेंच राहतो, हें कळूं लागलें.

आम्ही तीन सकाळीं गेलों. रात्रीं ओटीवर सारीं मंडळी चित्रें पाहत असतां पुतणी एकदम म्हणाली, "काका, ही परवाचीच!" पराच्या मागील कडेस वर एक खोल खांच, खालीं दोन बारीक; दोन्ही दिवसांच्या चित्रांत तीच. दुसऱ्या चित्रांत तिच्या कुशीस एक पिलूं होतें. गेल्या वर्षीं आम्हीं पळवून लाविलेली ती हीच काय, हें सांगण्यास साधन नाहीं. तेव्हां आम्हीं तिचें चित्र मिळूं दिलें नव्हतें. पुतणीनें वहींत खांचांची आकृति काढली, तिथि, वेळ व भरती-ओहोटी लिहिली, आणि खालीं पुष्कळशी जागा मोकळी सोडली. येत्या माघांत ती वही आम्ही बरोबर नेणार आहों.