शेतातून ओट्याखाली : घरगुती गांडूळखताचा मागोवा

घरातल्या ओल्या कचऱ्याचे खत गांडुळांकडून करून घेण्याची पद्धत आता शहरांत ओळखीची झाली आहे. ओट्याखाली किंवा बाल्कनीच्या कोपऱ्यात भोके पाडलेला क्रेट, तळाशी ओलसर काथ्या आणि वर भाजीची देठे, चहाचा चोथा, केळीच्या साली. हे रूप जेमतेम पन्नास वर्षांचे आहे. गांडुळाला शेतकऱ्याचा मित्र म्हणण्याची रीत मात्र त्याहून बरीच जुनी.

गांडुळांना घरात आणून त्यांचा बारकाईने अभ्यास करणारा पहिला मोठा शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन. त्याचे गांडुळांवरचे पुस्तक १८८१ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी आले. मातीच्या कुंड्यांत गांडुळे ठेवून तो रात्री दिव्याच्या उजेडात त्यांच्या सवयी टिपत असे. त्यांना ऐकू येत नाही, पण कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवला की कंप जाणवून ती बिळात शिरतात, हे त्याने नोंदवले. खाण्याच्या आवडीनिवडीही तपासल्या. त्यात कोबी होता, गाजर होते आणि कांदाही होता. गांडुळांच्या डब्यात कांदा अजिबात घालू नये, असे आज घरोघर सांगितले जाते. डार्विनच्या गांडुळांनी तो आवडीने खाल्ला होता. थोडा कांदा चालतो. ढीगभर सालींनी मात्र डबा बिघडतो. डार्विनला रस कचऱ्यात नव्हता, जमिनीत होता. इंग्लंडमध्ये कित्येक ठिकाणी दर एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाते, हा त्याचा हिशेब पुढे शेतीच्या पुस्तकांत कायमचा बसला.

शेतातून स्वयंपाकघरात येण्यासाठी गांडूळ बदलावे लागले. जमिनीत खोल बिळे करणारी जात डब्यात रमत नाही. त्यासाठी पालापाचोळ्यात आणि शेणात, वरच्या थरात राहणारी जात हवी. आयसेनिया फेटिडा ही तांबूस, पट्टेदार जात अमेरिकेत मासेमारीच्या गळाला लावायला विकली जाई. मिशिगनमधल्या कॅलामझू गावच्या जीवशास्त्राच्या शिक्षिका मेरी ॲपलहॉफ यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अशीच गांडुळे मागवून तळघरातल्या पेटीत सोडली आणि त्यांना घरचा कचरा घातला. तिथल्या कडाक्याच्या थंडीत अंगणातला खताचा ढीग गोठतो, म्हणून पेटी घराच्या आत. १९८२ मध्ये त्यांचे छोटे पुस्तक निघाले आणि घरात ठेवायच्या पेटीला शास्त्र मिळाले. त्यांचे प्रमाण सोपे होते : रोजच्या कचऱ्याच्या वजनाच्या दुप्पट वजनाची गांडुळे. घरात रोज अर्धा किलो ओला कचरा निघत असेल, तर एक किलो गांडुळे.

भारतात याच सुमारास कामाला वेग आला, पण तो आधी शेतीच्या अंगाने. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात राधा काळे यांनी आणि चेन्नईत सुलतान इस्माईल यांनी गांडुळांच्या जातींवर दीर्घकाळ काम केले. इस्माईल यांचा भर देशी जातींवर होता. पुण्यात ऐंशीच्या दशकात उदय भवाळकर यांच्या संस्थेने गांडुळांचा विषय शेतीबरोबरच शहरी कचऱ्यापर्यंत आणला. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारामुळे गच्चीवरच्या शेतीला महाराष्ट्रात चाहते मिळाले होते. खताची गरज असलेली घरे त्यामुळे आधीच तयार होती. जातींचा प्रश्नही हवामानाने सोडवला. पश्चिम आफ्रिकेतून आलेले युड्रिलस उष्ण, दमट हवेत झपाट्याने वाढते, म्हणून मुंबई-कोकणाला सोयीचे. आपल्याकडचे पेरिओनिक्सही चांगले खाते, पण पावसाची चाहूल लागली की डब्याच्या भिंती चढून निघते आणि सकाळी न्हाणीघराच्या फरशीवर सापडते. घरातल्या डब्यासाठी हे गांडूळ निवडणाऱ्याने घट्ट झाकणाचीही तयारी ठेवावी.

१९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली आणि शहरी कचरा हा साऱ्या देशाच्या चिंतेचा विषय झाला. १९९६ मध्ये याच प्रश्नावर अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्यानंतर आलेल्या २००० च्या घनकचरा नियमांत आणि पुढे २०१६ च्या नियमांत गांडूळखताचा नावानिशी उल्लेख झाला. पुणे महापालिकेने गांडूळखत प्रकल्प करणाऱ्यांना मिळकतकरात सवलत दिली. पुण्याजवळच्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी शहरातून येणाऱ्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत देवनारची कचराभूमी पेटली. दरवेळी ‘जिथला कचरा तिथेच जिरवा’ ही हाक नव्याने निघाली.

या सरकारी रेट्याने इमारतींच्या मागे विटांचे खड्डे आले, आणि त्यांतले कितीतरी पुढे कोरडे पडले. दोष गांडुळांचा नव्हता. ताज्या कचऱ्याचा जाड थर कुजताना तापतो. तापमान ३५ अंशांच्या वर गेले की आयसेनियाला ते सोसवत नाही, आणि पळायला जागा नसेल तर ती मरतात. वीस घरांचा कचरा रोज एकाच खड्ड्यात ओतला की नेमके हेच होते. त्यातून हे काम कुणा एकाचे नसते. खड्डा बांधल्याची नोंद झाली, कराची सवलत मिळाली, आत गांडुळे जिवंत आहेत की नाही ते कोण उकरून पाहणार?

घरच्या डब्यात कचरा मूठभर पडतो, थर पातळ राहतो, उष्णता साठत नाही, आणि झाकण रोज उघडले जाते. तिथल्या अडचणी वेगळ्या, पण आटोक्यातल्या. मराठी जेवणातले मीठ आणि तेल गांडुळांना मानवत नाही. उरलेली आमटी, लोणच्याचा खार, फोडणीचा गाळ डब्यात जाऊ नये. मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब सुटेल इतकाच ओलावा हवा. पाणी गळू लागले तर फाडलेले वर्तमानपत्र मिसळावे. चिलटे झाली तर ताजा कचरा काथ्याखाली पुरावा. मुंग्यांवर जुन्या घरांतला दुधाच्या कपाटाचाच उपाय लागू पडतो : मांडणीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या. विदर्भातल्या मे महिन्यात डबा बाल्कनीतून आत, ओल्या गोणपाटाखाली आणावा लागतो. दोन-तीन महिन्यांत खालचा थर काळा, रवाळ होतो, त्याला पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो. उजेडात त्याचे छोटे ढीग केले की गांडुळे तळाशी जातात आणि वरचे खत काढून घेता येते.

पन्नास वर्षांच्या अनुभवातून निवाडा स्पष्ट आहे. मोठ्या इमारतीच्या कचऱ्याला हवेशीर, नियमित उलथापालथ होणारा साधा खड्डा अधिक भरवशाचा. चार माणसांच्या घराला मात्र गांडुळांचा एक क्रेट पुरतो, आणि तो सुरू करणाऱ्याने पहिले दोन आठवडे भूक पाहून रोज मूठभरच कचरा घालावा.