बहुवारिकांचे आयनद्रायू पृष्ठसंस्करण

बहुवारिकाच्या (लहान रेणूंच्या जोडणीने बनलेल्या प्रचंड रेणूंच्या पदार्थाच्या) पृष्ठभागावर आयनद्रायूची म्हणजे प्लाझ्माची क्रिया घडवून त्यावर शाई, रंगलेप किंवा आसंजक (चिकटविणारा पदार्थ) घट्ट बसेल असे करण्याच्या प्रक्रियेस ही संज्ञा लावतात.

पॉलिएथिलीन व पॉलिप्रोपिलीन यांच्या रेणूंत ध्रुवीय गट नसल्याने त्यांची पृष्ठऊर्जा प्रती चौ. मी. सु. ३० मिलिजूल इतकी कमी असते. पाण्याच्या बाबतीत हे मूल्य २०° से. ला सु. ७३ असते. त्यामुळे पाणी त्यांवर न पसरता थेंबांच्या रूपात राहते. आसंजकाने पृष्ठ नीट ओले केल्याखेरीज जोड पक्का होत नाही. पूर्वी यासाठी क्रोमिक अम्लासारखी विद्रावणे वापरीत. परंतु त्यांतून विषारी सांडपाणी निर्माण होते.

आयनद्रायू पद्धतीत वस्तू निर्वात कोठीत ठेवून सु. १० ते १०० पास्काल दाबाच्या ऑक्सिजन, आर्गॉन इ. वायूंना उच्च कंप्रतेचे विद्युत् क्षेत्र लावतात. यात इलेक्ट्रॉनांचे तापमान हजारो अंश असले, तरी वायू त्यामानाने थंडच राहतो व वस्तू वितळत नाही. इलेक्ट्रॉन, आयन व जंबुपार किरण यांच्या आघाताने पृष्ठावरील रासायनिक बंध तुटून मुक्त मूलके निर्माण होतात. ऑक्सिजनाशी त्यांचा संयोग होऊन हायड्रॉक्सिल, कार्बोनिल व कार्बॉक्सिल हे ध्रुवीय गट तयार होतात. शिवाय कार्बनी मळही निघून जातो. अक्रिय वायू वापरल्यास शेजारच्या रेणुसाखळ्या परस्परांशी जोडल्या जाऊन दुर्बल थर बळकट होतो, असे हॅन्सन व शॉनहॉर्न यांनी १९६६ मध्ये मांडले. हे फेरबदल सु. १० नॅनोमीटर खोलीपर्यंतच होतात. वस्तूच्या अंतर्भागाचे गुणधर्म कायम राहतात. वेष्टनाच्या पातळ पटलांवर छपाईपूर्वी वातावरणीय दाबाखालील किरीट (करोना) विसर्जन वापरतात.

संस्कारित पृष्ठ टिकाऊ नसते. ध्रुवीय गट हळूहळू आत वळतात व पृष्ठ पूर्ववत होऊ लागते. सिलिकोन रबरात हे काही तासांत वा दिवसांत घडते. म्हणून संस्करणानंतर लवकरच रंगलेपन वा जोडणी करतात. संस्करण प्रमाणाबाहेर झाल्यास साखळ्यांचे तुकडे होऊन सैल थर साचतो. अशा पृष्ठावर पाणी उत्तम पसरते, पण जोड त्या थरातच तुटतो. यावरून पृष्ठ ओले होणे ही चांगल्या जोडाची आवश्यक अट असली, तरी ती पुरेशी नाही हे स्पष्ट होते. त्यामुळे केवळ थेंबाचा स्पर्शकोन मोजून न थांबता प्रत्यक्ष जोड ओढून त्याचे बल मोजणे आवश्यक ठरते.

मोटारींचे प्लॅस्टिकचे भाग रंगविणे, वेष्टनांची छपाई आणि कोशिका संवर्धनासाठी पॉलिस्टायरीनची पात्रे तयार करणे यांसाठी या प्रक्रियेचा उपयोग होतो.