वहीच्या पहिल्या पानावर नाव घाला

दिवाळीची आवराआवर सुरू झाली, की माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येते. तिच्यातून काय काय निघतं! सासूबाईंची तेलकट डागांची पाककृतींची वही, माहेरची अंतर्देशीय पत्रं, वाण्याच्या हिशेबाचं पुस्तक, बारशाचे फोटो. "ही रद्दी किती दिवस सांभाळायची?" असं घरातलं कुणीतरी म्हणतं, आणि तेवढ्यात खालून रद्दीवाल्याची हाकही येते. मैत्रिणींनो, त्या हाकेला ओ देण्याआधी जरा थांबा. नेमके असेच कागद जगातली मोठमोठी विद्यापीठं आज जिवापाड जपत आहेत, आणि संगणकावर ते घरबसल्या कुणालाही पाहू देत आहेत.

तुम्ही म्हणाल, विद्यापीठाला आमच्या लोणच्याच्या मापाशी काय करायचंय? तिथे राजेरजवाड्यांचे कागद ठेवत असतील! ठेवतात ना. पण जोडीला पत्रं, रोजनिशा, फोटो, पाककृती, परीक्षेचे निबंध, शब्दकोश असं नाना तऱ्हेचं सामानही ठेवतात. यालाच डिजिटल दप्तरखाना म्हणतात. मूळ कागद पेटीत सुखरूप राहतो. त्याच्या पानापानाचं चित्र काढून ते संगणकावर चढवतात, आणि प्रत्येक चित्राबरोबर एक टिपण जोडतात: हे कोणी लिहिलं, केव्हा, कुठे, आणि इथवर कसं आलं. या टिपणाशिवाय सगळा खटाटोप फुकट. मसाल्याचे पन्नास डबे आणून ठेवले आणि एकावरही चिठ्ठी लावली नाही, तर ऐन फोडणीच्या वेळी काय होईल, ते तुम्हाला सांगायला नकोच.

आपल्या आनंदीबाई जोशींचंच पाहा. अमेरिकेत फिलाडेल्फियाला १८५० साली स्थापन झालेलं स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय होतं. पुढे ते ड्रेक्सेल विद्यापीठात सामावलं गेलं, आणि त्याची जुनी कागदपत्रं आता त्या विद्यापीठाच्या दप्तरखान्यात आहेत. त्यात आनंदीबाईंनी जून १८८३ मध्ये प्रवेशासाठी केलेला अर्ज आहे. वय अवघं अठरा. बोटीतून उतरून महिनाही झालेला नव्हता. आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचं आहे, असं त्या अर्जात सांगतात. त्यांनी पदवीसाठी लिहिलेला प्रबंधही तिथे आहे, स्वतःच्या हातचा. विषय हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. ज्या मुलीचं बाळ तिच्या चौदाव्या वर्षी जन्मलं आणि दहाच दिवसांत गेलं, तिने हा विषय का निवडला असेल, हे आपल्याला कुणी समजावून द्यायला हवं का? १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांनी डोळे मिटले. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

तिथलाच १८८५ चा एक फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. साडीतल्या आनंदीबाई, शेजारी किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या पोशाखातल्या साबात इस्लामबुली. फोटोखाली कुणीतरी तिघींची नावं आणि गावं लिहून ठेवली आहेत. आनंदीबाई अमेरिकेला निघण्यापूर्वी बंगालमधल्या सेरामपूरला राहत होत्या. त्या गावाचं स्पेलिंग लिहिणाऱ्याने पार बिघडवलंय, आणि साबातबाईंच्या नावाचं पहिलं अक्षरही चुकवलंय. पण त्या चुकलेल्या ओळीमुळेच आज आपण तिघींना नावानिशी ओळखतो. ती ओळ नसती, तर परक्या देशच्या तीन अनोळखी मुली, एवढंच म्हणून पुढे गेलो असतो.

आता एका स्वयंपाकीणबाईंची गोष्ट ऐका. मलिंडा रसेल ही अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातली कृष्णवर्णीय बाई. ती गुलाम नव्हती, स्वतंत्र होती. पण नशिबाने तिला काही सोडलं नाही. एकोणिसाव्या वर्षी आफ्रिकेतल्या लायबेरियाला जायला निघाली, तर बरोबरच्याच माणसाने पैसे चोरले. लग्न झालं, पण चार वर्षांत नवरा गेला. पदरी एका हाताने अधू असलेला मुलगा. तिने धुणी धुतली, खाणावळ चालवली, केक-पेस्ट्रीचं दुकान टाकलं. पै-पै साठवलेली पुंजी १८६४ मध्ये यादवी युद्धाच्या धामधुमीत लुटारूंनी नेली. मग ती मिशिगनला आली आणि १८६६ मध्ये तिने पाककृतींचं छोटंसं पुस्तक छापलं. त्याच्या विक्रीतून गावी परतण्यापुरते पैसे जमतील, ही आशा.

या पुस्तकाची आज माहीत असलेली एकच मूळ प्रत मिशिगन विद्यापीठाकडे आहे. जुन्या स्वयंपाकाच्या पुस्तकांच्या एका संग्रहात, खोक्याच्या तळाशी, ती सापडली. तोवर कृष्णवर्णीय स्त्रीने लिहिलेलं अमेरिकेतलं पहिलं पाकपुस्तक १८८१ चं, असं समजलं जाई. या चाळीसेक पानांनी तो इतिहास पंधरा वर्षं मागे नेला. आणि वर सांगितलेली सारी हकिगत आपल्याला कशी कळली? केकच्या कृतींच्या आधी मलिंडाबाईंनी स्वतःविषयी थोडं लिहून ठेवलं म्हणून! नुसत्या कृतीच छापल्या असत्या, तर तिचं दुःख आणि तिची जिद्द दोन्ही तिच्याबरोबर गेली असती.

छापील पुस्तकाचं एक असो, हाताने लिहिलेल्या वह्यांचं काय? आयोवा विद्यापीठाकडे लुई सॅथमरी नावाच्या नामवंत शेफने दिलेला मोठा संग्रह आहे. त्यात १६०० च्या शतकापासूनच्या हस्तलिखित पाकवह्या आहेत. जुनं वळणदार अक्षर लावायचं कुणी? विद्यापीठाने ही पानं संगणकावर ठेवली आणि सर्वांनाच साद घातली: वाचा आणि टंकून द्या. घरोघरच्या लोकांनी ते काम हाती घेतलं. पानाचं नुसतं चित्र असलं, तर त्यात हवा तो शब्द शोधता येत नाही. मजकूर टंकला, की 'आलं' म्हटल्याबरोबर आलं घातलेले सगळे पदार्थ समोर हजर!

याच विद्यापीठात १९९२ साली खास स्त्रियांच्या कागदपत्रांसाठी दप्तरखाना उघडला. त्यासाठी पैसा कुठून आला, ठाऊक आहे? लुईस नून या बाईंकडे मेक्सिकोची प्रसिद्ध चित्रकर्ती फ्रिडा काहलो हिने स्वतःचं काढलेलं चित्र होतं. ते त्यांनी १९९१ मध्ये लिलावात विकलं. सोळा लाख डॉलरच्या वर रक्कम आली. भिंतीवरचं अनमोल चित्र उतरवून साध्यासुध्या बायांच्या रोजनिशा आणि पत्रं जपायची सोय करणारी ही बाई! आणि आपण वहीची रद्दी किलोवर मोजतो.

आपल्या मराठीचा ठेवाही असाच दूरदेशी सांभाळला जातो आहे, बरं का. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाने संगणकावर ठेवला आहे आणि तो कुणालाही फुकट पाहता येतो. उतरंड, शिंकं हे शब्द तुमच्या नातीला ठाऊक आहेत का, विचारून पाहा. नसतील, तर दोघी मिळून त्या कोशात शोधा. दुपार मजेत जाईल.

एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. "मोबाइलवर फोटो काढला, झालं काम!" असं पुष्कळजणींना वाटतं. मोबाइल पाण्यात पडतो, बिघडतो, पासवर्ड विसरतो. विद्यापीठंसुद्धा एका प्रतीवर विसंबत नाहीत. वेगवेगळ्या जागी प्रती ठेवतात, त्या उघडतात की नाही ते तपासतात आणि मूळ कागदही टाकत नाहीत. आपणही घरच्या घरी एवढं करू शकतो:

• फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नावं, गाव आणि साल लिहा. बॉलपेन नको, त्याचे वळ पुढच्या बाजूला उमटतात.

• फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशनही करू नका. चिकटपट्टी पिवळी पडून कागद खाते. टाचण्या काढून ठेवा, त्या गंजतात.

• वह्या कोरड्या, हवेशीर कपाटात ठेवा; माळ्यावर किंवा मोरीच्या भिंतीलगत नकोत. कसर आणि वाळवी लागली नाही ना, हे पावसाळ्यानंतर आठवणीने पाहा.

• फोटो खिडकीजवळ, पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी काढा. पान सपाट ठेवा. एक प्रत संगणकावर आणि दुसरी मुलीकडे किंवा भावाकडे असू द्या.

• वाचता न येणारा शब्द, न कळणारं माप घरातल्या थोरल्यांना आजच विचारा. 'दोन चिपटी' म्हणजे किती, हे उद्या सांगायला कुणी नसेल.

असा संग्रह जवळच्या विद्यापीठाला किंवा ग्रंथालयाला द्यावासा वाटला, तर आधी त्यात काय आहे याची यादी पाठवून विचारा. सगळीकडे सगळं घेतात असं नाही. आणि पत्र तुमच्या ट्रंकेत असलं, तरी त्यातला मजकूर लिहिणाराचा असतो. म्हणून माणसं हयात असतील तर त्यांना विचारा. काही खाजगी कागद ठरावीक वर्षं कुणालाही दाखवू नयेत, अशी अट घालता येते का, तेही पाहा. घरातली दुखणी चव्हाट्यावर यावीत, असा यामागचा हेतू नाहीच.

आणि हो, स्वतःची वही विसरू नका. तिच्यात पुरणपोळी असेल, दुधाचा हिशेब असेल, बाळाच्या लसींच्या तारखा असतील. पहिलं पान बहुधा कोरंच सोडलेलं असतं. तिथे तुमचं पूर्ण नाव, माहेरचं नाव, गाव आणि साल लिहा. जमल्यास चार ओळी स्वतःविषयीही लिहा: कुठे वाढलात, कुणाकडून शिकलात, ही वही कधी सुरू केलीत. अक्षर वाईट आहे म्हणून लाजू नका. तिकडे चारशे वर्षांपूर्वीची अक्षरं लोक हौसेने लावताहेत, तुमचंही कुणीतरी लावेल.