कळंबोलीच्या खातेदारास संगणकाची परिभाषा

पनवेल तालुक्यांतील कळंबोली हें एके काळीं भातशेतीचें गांव. सन १९७० सालीं सिडको महामंडळ स्थापन झालें, ठाणें, पनवेल व उरण या टापूंतील गांवोगांवच्या जमिनी नव्या शहरासाठीं संपादनाखालीं आल्या, आणि आज तेथें लोखंडाचा बाजार, वसाहती व मुंबई-पुणें द्रुतगती मार्गाचें मुख आहे. शेत गेलें तरी खातेदार गेला नाहीं. मोबदल्याची रक्कम, शेंकडा साडेबाराचा भूखंड, वारसांची नोंद, दूर तालुक्यांत घेतलेल्या जमिनीचा सातबारा, यांतील पुष्कळ कामें आतां संगणकावांचून पुढें सरकत नाहींत. पूर्वी ज्यास मोडी वाचतां येत नसे त्यास आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागे. तोच प्रसंग नव्या वेषानें आला आहे. म्हणून या यंत्राची परिभाषा खातेदारानें स्वतः जाणून घ्यावी, असें आम्हांस वाटतें.

संगणकाचा जो भाग हातास लागतो तो हार्डवेअर, व त्याजकडून काम करवून घेणारी आज्ञावली ती सॉफ्टवेअर. खिशांतील मोबाइल हाही संगणकच. यंत्राच्या स्मृतीचे दोन प्रकार आहेत. रॅम म्हणजे खळें. चालू झोडणीपुरता माल तेथें पसरलेला असतो आणि वीज जातांच तें रिकामें होतें. साठवण म्हणजे कणगी. तींत ठेवलेलें टिकतें. 'सेव्ह करणें' म्हणजे खळ्यावरचें कणगींत भरणें. हें न केल्यामुळें तासाभराचें टंकलेखन वायां गेल्याचीं उदाहरणें घरोघरीं सांपडतील.

मापाविषयीं एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. बिट हें सर्वांत लहान माप; आठ बिटांचा एक बाइट. जोडणी विकणारा आपला वेग बिटांत सांगतो, आपण उतरवून घेतों ती फाइल मात्र बाइटांत मोजली जाते. म्हणून १०० मेगाबिटांच्या जोडणीवर सेकंदास फार तर साडेबारा मेगाबाइट येतात. कळंबोलीकर हा आंकडा विसरेल अशी आम्हांस धास्ती वाटत नाहीं!

इंटरनेट ही जगभरच्या संगणकांची जोडणी. भारतांत ती सर्वसामान्यांस दिनांक १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळूं लागली, व सन १९९८ मध्यें वारणानगरच्या परिसरांतील सुमारें ७० गांवें संगणकांनीं जोडण्याचा उपक्रम निघाला. इंटरनेट व वेब हे शब्द एकच समजले जातात, तें बरोबर नाहीं. रस्ता आणि त्यावरून धांवणारी एसटी यांत जो भेद, तोच येथें. वेबचीं पानें उघडून दाखवितो तो ब्राउझर. दुसऱ्या ठिकाणीं अखंड चालू राहून मागितलेला कागद काढून देतो तो सर्व्हर. कचेरींत "सर्व्हर डाउन आहे" असें उत्तर मिळालें तर दप्तराचा कारकून जागेवर नाहीं एवढाच त्याचा अर्थ. आपला लेख नाहींसा झाला असें समजून घाबरूं नये. 'क्लाउड' म्हणजे मेघ. पण हा मेघ आकाशांत नसून भिंतींच्या आड असतो. पनवेलजवळच सन २०२० मध्यें योट्टा कंपनीचें एक मोठें माहितीकेंद्र सुरू झालें. त्यासही जमीन लागतेच.

आतां सर्वांत महत्त्वाचें. संकेतस्थळाचा पत्ता डावीकडून नव्हे, उजवीकडून वाचावा. आरंभींच्या दोन तिरप्या रेघा सोडल्यावर पुढें जी पहिली तिरपी रेघ येते, तिच्या अलीकडचे शेवटचे शब्द हें मालकाचें नांव. शासकीय स्थळाचा शेवट बहुधा 'जीओव्ही डॉट इन' असा असतो. त्याच्या डावीकडे 'सातबारा', 'महाभूमी' हे शब्द कोणीही लबाड आपल्या पत्त्यांत घालूं शकतो. शेजारीं कुलुपाचें चित्र दिसलें तरी हुरळून जाऊं नये. वाटेंत मजकूर कोणी वाचणार नाहीं एवढीच त्याची हमी. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे किंवा नाहीं, हें कुलूप सांगत नाहीं.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा दिनांक १ मे २०१८ पासून मिळूं लागला. नुसता पाहावयास मिळतो तो उतारा माहितीपुरता; कामकाजांत चालतो तो स्वाक्षरीचा. ही स्वाक्षरी म्हणजे सहीचें चित्र नव्हे, तर गणितानें काढलेली खूण होय. लेखांतील एक अक्षर बदललें तरी ती जुळत नाहीं. परंतु मुळांतच नांव किंवा क्षेत्र चुकीचें टंकलें गेलें असेल तर खूण त्या चुकीवरही तितक्याच निष्ठेनें उमटते. उतारा हातीं येतांच जुन्या हस्तलिखित उताऱ्याशीं ताडून पाहावा, आणि लेखनदोष आढळल्यास जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ अन्वयें दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडे करावा. उशीर केल्यास वारसांचें काम अवघड होतें.

राहतां राहिला ओटीपी, म्हणजे एकदांच चालणारा परवलीचा आंकडा. कोऱ्या कागदावर अंगठा देण्यास जो शेतकरी कधींही तयार होणार नाहीं, तोच हा आंकडा फोनवर परक्यास सांगून मोकळा होतो. पैसे आपल्या खात्यांत येण्यासाठीं ओटीपी किंवा पिन लागत नाहीं. ते बाहेर जाण्यासाठीं लागतात. मोबदला जमा झाल्याची वार्ता गांवांत लपत नाहीं, तेव्हां अशा फोनांची वाट पाहूनच असावें. 'एपीके' अशा शेवटाची फाइल कोणी 'भूखंडाची यादी' म्हणून धाडली तर ती उघडूं नये. ती यादी नसून आज्ञावली असते, आणि ती मोबाइलांत शिरून संदेश वाचूं शकते. इतकें करूनही रक्कम गेलीच, तर लाज न धरतां तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें व बँकेसही सांगावें. पैसा एका खात्यांतून दुसऱ्यांत फिरत असतो, आणि वेळेवर कळल्यास वाटेंतच अडविला जाण्याचा संभव असतो.